आरएफ स्किन टायटनिंग आणि पोटाचं कॉन्टूरिंग: पैसे भरायच्या आधी काय तपासायचं?

लातूरकरीण

सगळ्यांना नमस्कार. वय ३८, वजन १४ महिन्यांत ७८ वरून ६४ किलोवर आलंय आणि चार महिन्यांपासून तिथंच आहे. दोन सिझेरियन, धाकटं लेकरू सहा वर्षांचं. बेंबीखाली कातडी सैल पडून टाक्यांच्या रेषेवर येते, जबड्याखालीही थोडी ओघळलीय. तांबी बसवलेली आहे. शुगर, बीपी काही नाही.

इथल्या एका क्लिनिकनं पोटासाठी आरएफचे (रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेच्या उष्णतेनं कातडी आवळायचा उपचार) ८ सेशन आणि चेहऱ्यासाठी सुईवाल्या आरएफचे ३ सेशन मिळून ५८,००० सांगितलेत. आजच्या आज पूर्ण भरले तर ४५,००० म्हणे. कंबर चार इंच उतरेल असंही सांगतात, पण लिहून देत नाहीत.

आता नोव्हेंबर चालू आहे आणि फेब्रुवारीत घरात लग्न आहे. चार इंच खरंच उतरतात का? सेशनमध्ये नेमकं काय करतात, किती दुखतं? तांबी चालते का? आणि मशीन चांगलं आहे हे आपल्यासारख्याला कळणार कसं?

त्वचा_ओपीडी

ताई, पोट सैल दिसतं त्यामागं तीन गोष्टी असतात: वरची कातडी, तिच्याखालची चरबी आणि त्याही खाली विलग झालेले स्नायू. आरएफचं काम पहिल्या दोन गोष्टींवर, तेही थोडंच. स्नायूंवर काहीच नाही. त्यामुळं पॅकेजचं नंतर बघू, आधी तुमच्या पोटात यातलं काय किती आहे ते बघू.

आरशासमोर उभ्या राहा, किंचित पुढं वाका आणि बेंबीखालची घडी चिमटीत धरा. हाताला पातळ, सुरकुतलेली कातडी लागली आणि ती टाक्याच्या रेषेवर जेमतेम टेकत असेल तर आरएफचा विचार करण्याजोगा आहे. दोन-अडीच सेंटीमीटरची गुबगुबीत घडी हाताला आली तर तो चरबीचा भाग. आणि घडी टाक्यावर पडून तिच्याखाली घाम, खाज, लाली कायम राहत असेल तर तिथं कुठलंही मशीन पुरं पडणार नाही, ते शस्त्रक्रियेचं काम आहे. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साचलेली चरबी तर वेगळीच. तिच्यापर्यंत बाहेरून लावायचं कोणतंच आरएफ पोचत नाही. ती आहाराने आणि चालण्यानेच उतरते, तुम्ही १४ किलो उतरवले तसे.

आरएफ म्हणजे उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह. कातडीतून जाताना त्याला अडथळा होतो आणि त्या अडथळ्यातून उष्णता तयार होते. ही उष्णता कातडीच्या आतल्या थरातल्या कोलॅजनला, म्हणजे कातडी घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनाला, लागते. ६०-६५ अंशांना कोलॅजनचे धागे लगेच आखडतात. पण पोटावर फिरवायच्या नेहमीच्या हँडपीसने (मशीनचा हातात धरायचा भाग) एवढं तापवत नाहीत. कातडीच्या वरचं तापमान ४० ते ४२ अंशांवर आणून तिथं काही मिनिटं धरून ठेवतात. त्या उबेमुळं पेशी नवं कोलॅजन बनवायला घेतात आणि त्याला वेळ लागतो. खरा फरक तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. सेशन झाल्या झाल्या पोट ताठ वाटतं ते सूज आणि उष्णतेचं असतं, एक-दोन दिवसांत उतरतं. त्या दिवसाचा फोटो बघून पुढचे पैसे भरू नका.

लेसरच्या तुलनेत एक गोष्ट आपल्या सावळ्या, गव्हाळ रंगाला फायद्याची: आरएफची उष्णता रंगद्रव्यावर अवलंबून नसते. म्हणून रंगामुळं भाजण्याचा धोका कमी. पण चटका बसलाच, तर मागं राहणारा काळा डाग आपल्याच कातडीवर जास्त गडद पडतो आणि महिनोन्‌महिने टिकतो, हेही तितकंच खरं.

सेशन असं असतं. पोटावर साधारण तळहाताच्या दीडपट आकाराचे चौकोन आखतात. जेल किंवा ग्लिसरीनसारखं द्रव्य लावतात. हँडपीस गोल गोल, सतत फिरता ठेवतात. तीन-पाच मिनिटांत हवं ते तापमान येतं, मग ते धरून ठेवायची मिनिटं मोजायची. एका चौकोनाला १० ते १५ मिनिटं, पूर्ण खालच्या पोटाला ४० मिनिटांच्या आसपास. पोट पंधरा मिनिटांत आटपत असतील तर तापमान धरलेलंच नाही, वरून नुसता शेक दिलाय. वाटायला पाहिजे ते गरम पाण्याची पिशवी जरा जास्त गरम झाल्यासारखं. दहापैकी पाच-सहा. टोचल्यासारखं किंवा एका बिंदूवर चटका लागल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी "थांबा" म्हणा. सहन करत पडून राहणं ही इथं सगळ्यात मोठी चूक. म्हणून फिरत्या हँडपीसच्या आरएफला बधिर करणारं क्रीम लावायचं नसतं. तुमची जाणीव हाच त्यातला सुरक्षेचा उपाय आहे.

तुमच्या बाबतीत एक खास गोष्ट: सिझेरियनच्या टाक्यावरची दोन-तीन बोटं जागा बऱ्याच बायकांची वर्षानुवर्षं बधिर असते. कापसाचा बोळा फिरवून बघा. जिथं कळत नाही तिथं चटकाही कळणार नाही. तेवढा भाग पेनने आखून द्या आणि तिथं सेटिंग कमी ठेवा किंवा तो सोडूनच द्या असं सांगा. जुन्या मधुमेहींनाही हेच लागू.

तांबीबद्दल: बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत ती असताना ओटीपोटावर नको असंच लिहिलेलं असतं. क्लिनिकला त्या मशीनची पुस्तिका दाखवायला सांगा आणि तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. क्लिनिकनं आधी तांबीचं विचारलंच नसेल तर तेवढ्यावरून त्यांची तपासणी कशी असते ते समजा. पेसमेकर, गरोदरपण, त्या भागात हाडाला बसवलेली पट्टी किंवा स्क्रू, हर्निया, चालू जंतुसंसर्ग, यांत आरएफ नाहीच. धातूच्या शाईचं गोंदण असलेल्या जागेवरूनही हँडपीस नेऊ नये. मंगळसूत्र, कमरेची साखळी, बांगड्या, जोडवी सगळं घरी काढून ठेवून जा. तिथं जाऊन काढायला अवघड जातं आणि मग "राहू द्या, चालतं" म्हणून तसंच उरकतात.

चार इंच? नाही. ज्यांचं वजन स्थिर आहे आणि चरबी कमी आहे अशा पोटावर सहा-आठ सेशननंतर टेपवर एक-दोन सेंटीमीटर, कधी तीन, एवढीच अपेक्षा ठेवा. कातडीचा पोत सुधारतो, बारीक सुरकुत्या भरतात, घडी थोडी वर उचलली जाते. पांढरे पडलेले पोटावरचे वण आरएफने जात नाहीत. परिणाम वर्ष-दीड वर्ष टिकतो, मग वर्षातून एक-दोन वेळा पुन्हा करावं लागतं. हा पुढचा खर्च पॅकेजमध्ये कुणी सांगत नाही.

बायोमेडिकल_नांदेड

मशीनच्या अंगाने लिहितो.

आधी हे विचारा: मोनोपोलर की बायपोलर? बायपोलरमध्ये दोन्ही टोकं हँडपीसमध्येच असतात, प्रवाह त्या दोघांमध्येच फिरतो आणि खोली साधारण त्यांच्यातल्या अंतराच्या निम्मी. म्हणजे टोकांत एक सेंटीमीटर अंतर असेल तर उष्णता अर्धा सेंटीमीटर. मोनोपोलरमध्ये प्रवाह शरीरातून जाऊन पाठीला किंवा मांडीला चिकटवलेल्या रिटर्न प्लेटमधून परत येतो, त्यामुळं खोल जातो. पोटाला सहसा हेच लागतं. "पोटासाठी मोनोपोलर" म्हणत असतील आणि प्लेट लावतच नसतील तर विचारा की परतीची वाट कुठली.

ही प्लेट नीट बघा, कारण भाजण्याच्या कितीतरी घटना हँडपीसखाली न होता प्लेटखाली होतात. प्लेट मांसल जागी पाहिजे, हाडावर नको. कातडी कोरडी, तेल-पावडर पुसलेली, केस असतील तर काढलेले. मग हाताने कडेकडेनं दाबून बघायचं, चारही कोपरे चिकटलेत का. मेमध्ये ४२-४३ अंशांच्या उन्हातून आलेल्या माणसाची पाठ घामाने ओली असते. त्यावर प्लेट लावली की दहा मिनिटांत एक कोपरा सुटतो. आत जाणारा प्रवाह तेवढाच राहतो, पण परत यायची जागा अर्धी झाली, म्हणजे उरलेल्या अर्ध्या जागेत उष्णता कितीतरी जास्त. प्लेटखाली ऊब जाणवली तरी लगेच सांगा, तिथं काहीच जाणवायला नको. एकदा वापरलेली प्लेट वाळते, तिची जेल सुकते. पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे आणि त्यावरची तारीख उलटलेली नसावी.

हँडपीसखाली भाजतं त्याची कारणं ठरलेली. जेल सुकलं आणि वरून पुन्हा टाकलं नाही. हँडपीस पूर्ण टेकवायच्या ऐवजी तिरका धरला, त्यामुळं सगळा प्रवाह कडेतून गेला. बोलता बोलता हात एका जागी थांबला. कंबरेच्या हाडावरून किंवा बरगडीच्या कडेवरून नेला, तिथं कातडीखाली चरबीची गादी नसते. टोकावरच्या आवरणाला ओरखडा पडलेला असला तर त्या ओरखड्याच्या जागी ठिणगीसारखा चटका बसतो. सेशनच्या आधी हँडपीसचं तोंड उजेडात धरून बघायला सांगायला अजिबात संकोच करू नका.

तापमान मोजतात का आणि कशाने मोजतात? चांगल्या हँडपीसमध्येच सेन्सर असतो. नसेल तर दुसऱ्या हातात इन्फ्रारेड थर्मामीटर पाहिजे आणि दर अर्ध्या मिनिटाला तो लावला गेला पाहिजे. जेलचा थर जाड असेल तर थर्मामीटर जेलचं तापमान दाखवतो, खालच्या कातडीचं जास्त असतं. म्हणून मोजताना बोटाने जेल बाजूला सारतात. ४३ च्या वर आकडा गेला की हात उचलायचा. "अंदाज आहे आम्हाला" म्हणणाऱ्याकडं पोट देऊ नका.

आपल्याकडं आणखी एक अडचण आहे ती लाईटची. व्होल्टेज वर-खाली होतं तसं काही मशीनचं आउटपुटही हलतं. मशीनला स्टॅबिलायझर आणि नीट अर्थिंग पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज दोन-तीनच्या वर असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवायचा, मग पेशंट. मध्येच लाईट गेली आणि मशीन बंद पडलं तर कातडी लगेच थंड होते. लाईट आल्यावर पुन्हा तापवून मिनिटं नव्याने मोजावी लागतात. उरलेली पाच मिनिटं फिरवून "झालं" म्हणणं बरोबर नाही.

पार्लरमध्ये एकाच डब्यात ४० किलोहर्ट्झ कॅव्हिटेशन (ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींचा मारा), व्हॅक्यूम आणि आरएफ असं सगळं असतं. त्यातल्या बऱ्याच यंत्रांना तापमानाचा सेन्सरच नसतो. व्हॅक्यूमने ओढून, दाबून अंगातलं पाणी थोडं सरकतं, टेप सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर कमी दाखवतो आणि दोन दिवसांत पोट पूर्ववत होतं.

मशीनवर कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर असलेली पाटी असते. तिचा फोटो काढा. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली नोंदणी किंवा आयात परवाना असतो, तो दाखवा म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे.

लातूरकरीण

खूप खूप आभार. चिमटीत पातळ कातडीच येते, पण उताणं झोपून उठायला गेले की पोटाच्या मध्ये उभा उंचवटा येतो, हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं. तो स्नायूंचा प्रकार का? आणि चेहऱ्याच्या सुईवाल्या आरएफचंही सांगा. लग्नाच्या आधी तिन्ही सेशन उरकतील म्हणतात.

फिजिओ_परभणी

हो ताई, तो उंचवटा म्हणजे पोटाचे मधले दोन स्नायू विलग झाल्याची खूण. घरी असं मोजा: उताण्या झोपा, गुडघे वाकवा. बोटं आडवी बेंबीच्या चार बोटं वर ठेवा. श्वास सोडत डोकं आणि खांदे नुसते उचला, पूर्ण उठू नका. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांना लागतील. मधल्या खाचेत किती बोटं बसतात ते बघा. मग बेंबीवर आणि बेंबीखालीही तसंच. दोन बोटांपर्यंत ठीक. त्याच्या वर असेल किंवा बोट खोल आत जात असेल तर हे आधी सुधारायचं. खोकल्यावर बेंबीजवळ गोळी बाहेर आल्यासारखी वाटली तर सर्जनला दाखवा, हर्निया असू शकतो.

हे अंतर जास्त असताना कातडी कितीही आखडली तरी संध्याकाळपर्यंत पोट पुढं येतंच. मग बाई म्हणते मशीनने काही झालं नाही.

व्यायाम साधा आहे, पण रोज पाहिजे. उताणं झोपून गुडघे वाकवा, श्वास सोडताना बेंबी पाठीच्या कण्याकडं ओढा, पाच-सात सेकंद धरा, श्वास चालू ठेवा. असे १० वेळा, दिवसातून ३ दा. आठवड्यानंतर तशीच बेंबी ओढलेली ठेवून एक टाच जमिनीवरून सरळ पुढं सरकवायची आणि परत आणायची, आलटून पालटून. उंचवटा दिसला की त्या दिवशी एवढंच, पुढं जाऊ नका. सीट-अप आणि दोन्ही पाय एकदम उचलणं सध्या बंद, त्याने अंतर वाढू शकतं. कळशी, पिठाचा डबा, लेकरू उचलताना आधी श्वास सोडा, मग उचला. अंथरुणातून उठताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा. आठ ते बारा आठवडे केलं की पुन्हा मोजा. सहा वर्षांनंतरही फरक पडतो, बाळंतपणानंतर लगेच केला असता तर जास्त पडला असता एवढंच.

प्लास्टिक_सर्जरी_वॉर्ड

एक भर घालते. व्यायामानंतरही तीन-चार बोटांचं अंतर राहिलं आणि वर कातडीची लोंबती घडी असेल तर अ‍ॅबडॉमिनोप्लास्टी हाच उपाय. त्यात जादा कातडी काढतात आणि स्नायू मध्ये शिवून घेतात. पूर्ण भूल, दोन ते चार तासांचं ऑपरेशन, कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्रण, चार ते सहा आठवडे पट्टा आणि सहा आठवडे जड उचलायचं नाही. पुढं मूल नको असेल तरच. हे ऐकून माणूस मशीनकडं वळतो, ते समजण्यासारखं आहे. पण ज्या पोटाला शस्त्रक्रियाच लागणार आहे त्यावर आधी ५०-६० हजार मशीनवर घातलेले बघवत नाहीत. तुमचं वर्णन वाचून तुम्ही त्या गटात वाटत नाही, तरी प्रत्यक्ष तपासून घ्या.

तंबाखू, मिश्री, गुटखा काही चालू असेल तर शस्त्रक्रिया असो की आरएफ, आधी ते बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम उशिरा भरते आणि नवं कोलॅजनही नीट बनत नाही. मिश्री लावणाऱ्या बायका ती तंबाखूत धरत नाहीत, म्हणून नाव घेऊन लिहिलं.

त्वचा_ओपीडी

आता चेहरा. सुईवाली आरएफ ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, एका पॅकेजमध्ये बांधली म्हणून सारखी समजू नका. यात बारीक सुया कातडीत शिरतात आणि आत उष्णता सोडतात. जबड्याखालच्या सैलपणाला आणि मुरुमांच्या खड्ड्यांना हिचा उपयोग पोटाच्या आरएफपेक्षा जास्त ठोस आहे, आणि धोकाही जास्त. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली औषधं आणि उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) हिच्याबद्दल सावधगिरीची सूचना काढली: भाजणं, व्रण, चरबी झिजून खड्डा पडणं, मज्जातंतूंना इजा. हे डॉक्टरच्या हातचं काम आहे, पार्लरचं नाही.

बधिर करणारं क्रीम इथं मात्र लावतात, ४५ ते ६० मिनिटं. चेहऱ्यापुरतं ठीक. पण पोट-मांड्यांवर ट्यूबवर ट्यूब चोपडून वर प्लास्टिक गुंडाळत असतील तर नको म्हणा. लिडोकेन-प्रिलोकेनचं क्रीम धडधाकट मोठ्या माणसालाही एका वेळी ६० ग्रॅमच्या वर लावत नाहीत, म्हणजे ३० ग्रॅमच्या दोन ट्यूब. जास्त झालं तर चक्कर, ओठ निळे पडणं, झटके इथपर्यंत जाऊ शकतं.

सुयांची कार्ट्रिज एका माणसाला एकदाच. चौकोनी, नखाएवढं तोंड असतं, त्यात २५ किंवा ४९ सुया. पाकीट बंद आहे, तारीख आहे, हे बघून ते तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला सांगा. संपल्यावर ती वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकलेली बघूनच उठा. कार्ट्रिज महाग असते, म्हणून काही ठिकाणी स्पिरिटने पुसून "तुमचीच आहे, पुढच्या वेळी वापरू" म्हणत ठेवून देतात. तीही नको. सुया बोथट होतात, कातडी फाडतात, आणि चुकून दुसऱ्याची तुम्हाला लागली तर हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्हीची भीती.

खोली जागेप्रमाणे बदलली पाहिजे. कपाळाला एक मिलिमीटरच्या आत-बाहेर, गालाला दीड ते दोन, जबड्याच्या कडेला थोडं जास्त. गालात खोल आणि जोरात दिलं तर तिथली चरबी झिजते. आधीच वजन उतरलेल्या चेहऱ्यात गाल बसलेले असतात, त्यामुळं तुमच्यासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची. नुसती जबड्याची कड आणि हनुवटीखाली करा, गालाला हात लावू नका असं बोला. सावळ्या रंगाला वरचा भाग झाकलेल्या, म्हणजे इन्सुलेटेड सुया बऱ्या. त्यांची उष्णता फक्त टोकाशी सुटते, वरची कातडी वाचते.

त्या दिवशी चेहरा लाल, गरम, बारीक रक्ताचे ठिपके. लाली एक ते तीन दिवस, बारीक खपल्या आठवडाभर. खपल्या नखाने काढल्या की डाग ठरलेला. २४ ते ४८ तास मेकअप नाही. ब्लीच, फेशियल, थ्रेडिंग दहा दिवस नाही. दुसऱ्या दिवसापासून एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी. गाडीवर जाताना स्कार्फ बांधाच, पण त्याच्या भरवशावर सनस्क्रीन सोडू नका. ओठावर वरचेवर पाण्याचे फोड येत असतील तर आधी सांगा, गोळ्या सुरू करून मगच सुया. जखमेवर गाठी धरत असतील, रक्त पातळ करायची गोळी किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन चालू असेल तर तेही.

दोन सेशनमध्ये चार ते सहा आठवडे पाहिजेत. नोव्हेंबरअखेर पहिलं, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दुसरं, आणि थांबा. तिसरं लग्नानंतर, पण मार्चचं ऊन तापायच्या आत. लग्नाआधीच तिन्ही कोंबले तर कातडीला भरून यायला वेळच राहत नाही. लग्नाच्या आधीचे चार आठवडे चेहऱ्याला कशाचाच हात लागू देऊ नका. आणि हळदीच्या कार्यक्रमात बायका जबड्यापर्यंत चोळून हळद लावतात, त्यात तेल, चंदन, कधी लिंबू असतं. ताज्या सुयांवर ते गेलं तर जळजळ आणि डाग. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दुसरं झालं असेल तर तोवर कातडी भरलेली असेल, चिंता नाही.

पोटाचं आरएफ लग्नासाठी म्हणून करू नका, फेब्रुवारीपर्यंत त्याचा परिणाम पूर्ण दिसणारच नाही. आधी बारा आठवडे व्यायाम करा, अंतर मोजा, तांबीचं ठरवा, मग बघा.

पैशाबद्दल थोडक्यात. "आजच भरा" ला उद्या या म्हणून सांगा. सेशनगणिक पैसे किंवा फार तर दोन-तीन सेशनचे आगाऊ. बिलावर मशीनचं मॉडेल, शरीराचा भाग, सेशनची संख्या, न घेतलेल्या सेशनचे पैसे परत मिळण्याची अट हे लिहून घ्या. जीएसटी लागणार असेल तर तो रकमेत धरलाय का विचारा. डॉक्टरांची पदवी एमबीबीएसनंतर त्वचारोगाची एमडी, डिप्लोमा किंवा डीएनबी आहे का बघा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक त्यांच्या बोर्डावर असतो, तो पडताळता येतो. फसवणूक झाली तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तिथं सगळ्यात आधी बिलच मागतात.

टेप स्वतः धरायला शिका. सकाळी उपाशीपोटी, उभं राहून, श्वास सहज सोडल्यावर, बेंबीपासून खाली बरोबर पाच सेंटीमीटरवर. टेप कातडीला टेकलेला, रुतलेला नको. पहिल्या दिवशी सैल आणि शेवटच्या दिवशी आवळून धरला तर तीन सेंटीमीटर कुणीही कमी दाखवेल.

जालना_वाचक

मध्येच विचारतो, माफ करा. घरात एकीला परवा पोटावर आरएफ करताना चटका बसला, रुपयाएवढा फोड आलाय. तिथं कोरफड लावून पाठवलं. आता काय करायचं?

त्वचा_ओपीडी

चटका बसल्या बसल्या नळाचं वाहतं पाणी २० मिनिटं सोडायचं असतं, बर्फ नाही. ती वेळ आता गेली. फोड फोडू नका, खालची कातडी त्यानेच झाकलेली आहे. त्यावर हळद, टूथपेस्ट, तूप काही नको. दिवसातून दोनदा साध्या पाण्याने व सौम्य साबणाने धुवा, हळुवार टिपून कोरडं करा, पेट्रोलियम जेलीचा थर, वर न चिकटणारी जाळी आणि सैल पट्टी. साडीचा काठ, परकराची नाडी, सलवारीचं इलास्टिक त्या जागेवर नको, गाऊन घालू द्या. फोड आपोआप फुटला तर कातडी ओढून काढू नका.

आजच एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तुम्हाला संभाजीनगरची घाटी (तिथलं सरकारी रुग्णालय) जवळ आहे, तिथल्या स्किन ओपीडीत चालेल. लाली फोडाच्या बाहेर पसरत गेली, पू दिसला, ताप आला किंवा तिथली जागा पांढरी, चामड्यासारखी कडक आणि न दुखणारी झाली असेल तर उद्यावर टाकू नका. न दुखणं हे बरं होण्याचं लक्षण समजू नका, त्यात भाजलेलं खोल असतं.

रोज एकाच उजेडात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. क्लिनिककडून त्या दिवशीचं सेटिंग, मशीनचं नाव आणि कुणी केलं ते लेखी मागा. कातडी पूर्ण भरली की त्या जागेवर सनस्क्रीन लावायचं, उरलेला काळसरपणा घालवायची क्रीम त्यानंतर डॉक्टरांना विचारून. उरलेले सेशन त्या पोटावर सध्या नकोत, किमान ती जागा आजूबाजूच्या रंगाची होईपर्यंत तरी.